बटरक्रीमला दोन कोट

आमच्या मामाला सगळे प्रायमर म्हणायचे. खरं नाव कागदावरच राहिलं. पोस्टमनसुद्धा गल्लीत शिरला की विचारायचा, प्रायमर कुठे राहतात हो? मामा रंगारी होता. आयुष्यभर लोकांच्या भिंती रंगवल्या त्यानं. आणि त्याचं एक ठरलेलं होतं, आधी प्रायमर. भिंतीलाच नाही, सगळ्यालाच. मामीला काही अवघड सांगायचं असलं तर आधी म्हणायचा, "आज चहा फक्कड झालाय हं." मामी कप खाली ठेवून म्हणायची, "प्रायमर मारून झाला का? आता खरा रंग दाखवा."

मामाला जाऊन महिना झाला. भेटायला येतो तो माणूस तोंड पाडून येतो आणि मामाचा एखादा किस्सा निघाला की हसत हसत जिना उतरतो. सगळ्यात जास्त निघतो तो केकचा. पण आता जो तो आपल्या मनानं सांगायला लागलाय. कुणी म्हणतं सहा संत्री होती, कुणी म्हणतं बारा. आठ होती. म्हणून एकदा नीट सांगितलेलं बरं.

केक होता मोठ्या मावशीसाठी. मोठी मावशी म्हणजे मामाची थोरली बहीण, मामा तिला ताई म्हणायचा. त्यांची आई दिवसभर कामावर, त्यामुळे मामाला न्हाऊमाखू घालण्यापासून शाळेत ओढत नेण्यापर्यंत सगळं ताईनंच केलं. आणि मावशीचा स्वभाव कसा, तर खोड काढायची. दुधात माशी दिसली नाही तर बाहेरून शोधून आणून टाकेल अशी. चहा दिला की फिका, पाव दिला की शिळा, पडदे लावले की "उजवी बाजू बोटभर वर गेलीय." मोजून बघितलं तर खरंच बोटभर वर असायची, हीच तर पंचाईत.

मामानं आयुष्यातली पहिली भिंत रंगवली ती मावशीच्या खोलीची. सोळा-सतरा वर्षांचा होता. रंगवून छाती फुगवून उभा राहिला. मावशीनं दिवा बंद केला, खिडकी लावली, टॉर्च आणला आणि भिंतीला टेकवून आडवा धरला. आडव्या उजेडात भिंतीचं पाप दिसतं. जिथे जिथे पुट्टीची पट्टी उचलली होती तिथे तिथे सावली पडली. मावशी म्हणाली, "ही भिंत आहे का पिळलेला टॉवेल?" तीन वेळा घासायला लावली. मामा पुढे सगळ्यांना सांगायचा, "मला कुठल्या उस्तादानं नाही घडवलं. ताईच्या टॉर्चनं घडवलं."

तर या मावशीला एका वर्षी ताप आला. पंधरा दिवस होता. ताप गेला, पण जाताना नाकातला वास आणि तोंडाची चव दोन्ही घेऊन गेला. डॉक्टर म्हणाले, येईल हळूहळू, कधी ते मात्र सांगता येत नाही. एक महिना गेला, दोन गेले, चार गेले. मावशी दोन घास खायची आणि ताट सरकवायची. हाताच्या बांगड्या कोपरापर्यंत जायला लागल्या. पण मामाला घोर लागला तो बांगड्यांचा नाही. मावशीनं खोड काढायचं बंद केलं. काहीही द्या, "बरं आहे" म्हणायची. चहा बरा आहे, पाव बरा आहे, पडदे बरे आहेत.

मामाला वाटलं, बघू या. एक दिवस तिच्याकडे जाऊन स्वतः सूप केलं आणि त्यात मुद्दाम दुप्पट मीठ घातलं. मावशी चार चमचे प्यायली. "बरं आहे," म्हणाली आणि भिंतीकडे तोंड करून झोपली.

मामा घरी आला आणि बूट न काढताच खुर्चीत बसला. मामी म्हणाली, "काय झालं?"

"ताई बरं आहे म्हणाली."

"मग चांगलंच झालं की."

"अगं, ताई! ताई बरं आहे म्हणाली. जन्मात कधी ऐकलंयस?"

मामीनं हातातली सुई खाली ठेवली. मामी रफूच्या दुकानात काम करायची, उरलेलं घरी आणायची. तिलाही आठवेना कधी ऐकलं ते. तिच्या लग्नाच्या दिवशी मावशी म्हणाली होती, मुलगी चांगली आहे, पण चालताना डावा पाय घासते.

पुढच्या वेळी मामा मावशीकडे गेला तेव्हा संत्री घेऊन गेला. तिच्या खाटेशी बसून सोलायला लागला. साल दुमडली आणि तिचा फवारा उडाला तो सरळ मावशीच्या तोंडावर. मावशी दचकली.

"काय उडवलंस रे?"

"चुकून गं ताई."

"नाही, थांब. काहीतरी आलं." तिनं नाक वर केलं, कुत्र्याचं पिल्लू करतं तसं. "गेलं."

मामानं दुसरी साल तिच्या नाकाजवळ नेऊन चिमटीत दाबली. पुन्हा आलं. पुन्हा गेलं. फोड खायला दिली तर काही नाही, नुसतं पाणी. रस दिला, काही नाही. जे काय होतं ते सालीतच होतं.

आता गंमत बघा. मामाला स्वतःला वास कशाचाच येत नव्हता. तीस वर्षं टर्पेंटाइन नाकात गेलेलं. मामी म्हणायची, गॅस सुटला तर हे त्यावर विडी पेटवतील. चवही जेमतेम, गोड आहे का खारट आहे एवढंच कळायचं. म्हणजे आंधळ्याला वाट दाखवायला आंधळाच निघाला.

त्या दिवसांत मामाचं काम चाललं होतं एका केकवालीकडे. बाई घरीच केक करून विकायची, आणि स्वयंपाकघराला रंग द्यायचा म्हणून अर्ध्या खोलीत केक आणि अर्ध्या खोलीत मामाची शिडी. मामा वरून बघत असायचा. एक दिवस बाईनं भांड्यात काहीतरी घोटलं, पांढरं, मऊ, पट्टीवर धरलं तर न गळणारं, आणि केकच्या अंगाला लावायला घेतलं. मामा शिडीवरून ओरडला, "अहो, ही तर पुट्टी!"

"बटरक्रीम आहे काका."

"तेच ते. लावायची पद्धत तीच. फक्त तुमचा हात थरथरतोय. पट्टी आडवी नको, जरा कलती धरा."

बाईनं पट्टी कलती धरली आणि केकची कड आरशासारखी आली. तिनं वर बघितलं आणि पट्टी मामाच्या पुढे केली. मामा खाली उतरला, हात धुतले कोपरापर्यंत, आणि दुसरी कड ओढून दिली. मग हळूच विचारलं, "यात संत्र्याची साल घालता येते का हो?"

"येते की. लोणी मऊ करायचं, भरपूर फेटायचं, पिठीसाखर थोडी थोडी घालायची. साल बारीक किसणीवर किसायची, फक्त वरची केशरी. आणि रस एक एक चमचा. कुणासाठी?"

मामानं सांगितलं. शनिवारी तिनं साधा गोल केक भाजून दिला, फेटायचं यंत्र दिलं, आणि म्हणाली, "वरचं तुम्हीच करा काका."

रविवारी मावशीचा वाढदिवस. त्रेसष्टावा. शनिवारी मामी दुकानात गेली तसा मामानं ओटा ताब्यात घेतला. ओट्यावर आधी जुना पेपर अंथरला, कडांना चिकटपट्टी लावली. डोक्याला रुमाल बांधला. लोणी सकाळपासूनच बाहेर काढून ठेवलं होतं, त्यात बोट दाबून बघितलं, खड्डा पडला आणि तसाच राहिला. बरोबर. फेटायला घेतलं. पिवळं लोणी फेटता फेटता फिकट होत गेलं. मामा पुटपुटत होता, आता क्रीम शेड, आता ऑफ व्हाइट, आणखी एक कोट उजळू दे. मग पिठीसाखर घातली, सगळी एकदम. यंत्र चालू केलं आणि ढग उठला. भुवया, मिशा, रुमाल, सगळं पांढरं. ते मात्र त्याच्या सवयीचं होतं.

मग संत्री. आठ. आता बाईनं सांगितलं होतं, फक्त वरची केशरी. मामाला ते ऐकू आलं होतं, लक्षातही होतं. पण पटलं नव्हतं. तीस वर्षं तो पोरांना ओरडत आला होता, वरवर काय खरवडतोस, खालचा थर दिसेपर्यंत खरवड! अर्धवट खरवडलेल्या भिंतीवर रंग टिकतो का? वरवर किसून काम करायचं म्हणजे अंगचोरी. आणि ताईसाठी अंगचोरी करायची? मामानं किसणी घेतली आणि आठही संत्री पांढरी दिसेपर्यंत खरवडली. पांढरं दिसल्यावरही दोन हात जास्त मारले. शेवटी ती संत्री ओट्यावर बसली होती टकली, अंड्यांसारखी.

कीस घातला. बटरक्रीममध्ये केशरी ठिपके आले. मामाला वाटलं रंग अजून फिका आहे. रंग फिका असला की काय करायचं, आणखी ओतायचा. फ्रिजमधला गार रस, वाटीभर, एका दमात ओतला.

फाटलं. मऊ मलईचे दाणे दाणे झाले आणि मधून पाणी सुटलं. मामा भांड्याकडे बघत राहिला. दोन पाकिटं लोणी, आणि दुकानात जाऊन आणायचं तर लगेच मऊ कुठून होणार? पण मग त्याला हिवाळ्यातली कामं आठवली. थंडीत ऑइल पेंट डब्यात गोठतो, दाणे धरतो, तेव्हा शहाणा रंगारी तो फेकत नाही, डबा गरम पाण्यात बसवतो आणि ढवळत राहतो. मामानं परातीत गरम पाणी घेतलं, भांडं त्यात बसवलं, जरा ऊब लागू दिली, काढलं, फेटलं. पुन्हा बसवलं, पुन्हा फेटलं. तिसऱ्यांदा ते एकदम जमून आलं. रेशमासारखं. मामा एकटाच स्वयंपाकघरात "वा रे पठ्ठ्या!" म्हणाला. बोटावर घेऊन चाटलं. गोड लागलं. त्याला तेवढंच कळणार होतं.

आधी पातळ हात मारला, केकचा भुगा दाबून बसवायला. म्हणजे प्रायमर. अर्धा तास फ्रिजमध्ये वाळू दिला. मग खरा कोट, कोऱ्या पट्टीनं. पट्टी कोरीच हवी अशी मामीची ताकीद होती, नाहीतर घराबाहेर झोपाल. आणि सगळं झाल्यावर केक फ्रिजमध्ये ठेवून मामानं आपल्या सामानातली पाटी काढली आणि फ्रिजच्या दाराला अडकवली. रंग ओला आहे, हात लावू नये.

मामी आली. पाटी बघितली, मग ओट्यावरची टकली संत्री बघितली. "अहो, ह्यांना काय टायफॉइड झाला होता का?"

"खालच्या थरापर्यंत गेलो."

"थोडं चाखू द्या तरी."

"पाटी वाचता येत नाही का? पहिला घास ताईचा."

"अहो, चाखल्याशिवाय कसं न्यायचं? काही चुकलं असलं तर?"

"चुकलं असलं तर ताई सांगेल," मामा म्हणाला, आणि मग हळू आवाजात, "सांगू दे गं तिला."

मामीनं टकली संत्री उचलून टोपलीत ठेवली.

रविवारी केक न्यायचा कसा? मामानं रंगाची वीस लिटरची कोरी बादली काढली, आत बसवला, वर झाकण. बादलीवर मोठ्या अक्षरात लिहिलेलं, मोतिया पांढरा. मामी दहा पावलं मागून चालत होती, जणू ओळख नाही. कोपऱ्यावरचा न्हावी ओरडला, "प्रायमर, रविवारी पण काम?"

"हो रे. ताईकडे एक भिंत आहे."

मावशी खुर्चीत बसली होती, शालीत गुरफटून. तिच्या सुनेनं बशा आणल्या. बादलीतून केक निघाला तेव्हा सून तोंडाला पदर लावून हसली, पण मावशीनं बादलीकडेही काही म्हटलं नाही आणि केककडेही नाही. "कशाला एवढं केलंस," एवढंच म्हणाली. मामानं तुकडा कापला. सगळ्यांच्या बशा भरल्या, पण कुणी चमचा उचलेना. मामा तर बसलाही नाही. उभा राहिला, हातात पट्टी, भिंत पसंत पडते का बघत मालकासमोर उभं राहावं तसा.

मावशीनं चमचाभर तोंडात घातलं. चावलं. गिळलं. "बरं आ..." म्हणाली.

मामाची मान खाली गेली.

आणि मावशी थांबली. जीभ टाळूला लावली, पुन्हा लावली. कपाळाला आठ्या पडल्या, एक, दोन, तीन.

"कडू आहे," ती म्हणाली.

कुणाला काही कळेना.

"काय म्हणालीस ताई?"

"कडू आहे म्हणते! कडूजहर! काय घातलंयस ह्यात?"

मामीनं घाईघाईनं घास घेतला आणि तोंड वेडंवाकडं केलं. "अहो, खरंच हो! काढा आहे हा!" सुनेला तर ठसकाच लागला. आणि मामा? मामा त्या खोलीत नाचायला लागला. एवढा मोठा माणूस, हातात पट्टी, पायात मोजे, गोल गोल. "कडू आहे! ताई, पुन्हा म्हण! कडू आहे!"

"नाचतोस काय गाढवा? साल किती खरवडलीस?"

"पांढरं दिसेपर्यंत!"

"पांढरं दिसायच्या आत थांबायचं असतं. पांढऱ्यातच कडूपणा असतो, एवढी अक्कल नाही? घोड्याएवढा झालास तरी."

"अजून बोल ताई. अजून काय चुकलंय?"

"साखर जास्त आहे." मावशीनं आणखी एक घास घेतला. "वास मात्र... येतोय थोडा. येतोय." डोळे मिटले, उघडले. "आणि ही कड बघू. सूनबाई, टॉर्च आण."

सून टॉर्च घेऊन आली. मावशी खुर्चीतून स्वतः उठली, चार महिन्यांत पहिल्यांदा कुणाचा हात न धरता, खिडकी लावली आणि टॉर्च केकला आडवा धरला. सगळे वाकून बघायला लागले.

"इथे पट्टी उचललीय तू. सावली पडते."

"पडते," मामा म्हणाला. तसाच गुडघ्यावर बसला आणि कोऱ्या पट्टीनं तेवढी कड पुन्हा ओढली. डोळ्यांतून पाणी गळत होतं आणि मावशी वरून म्हणत होती, "मिठाचा खडा पडल्यासारखं पाणी काय काढतोस, केकवर गळेल."

तुकडा तिनं पूर्ण खाल्ला. प्रत्येक घासाला एक शिवी देऊन खाल्ला. वर दुसरा मागितला, म्हणाली, टाकून द्यायचा का एवढा खर्च करून.

पुढे वास हळूहळू आला. आधी साबणाचा आला, मग कॉफीचा, मग एक दिवस मामा दारातून आत आल्या आल्या म्हणाली, "आंघोळ करून ये, टर्पेंटाइन मारतंय." मामा ते पदक मिळाल्यासारखं सांगत फिरला. त्यानंतर दर वर्षी वाढदिवसाला तोच केक, त्याच बादलीतून. सहा वर्षं. साल कशी किसायची ते मामा शिकला, हात एकदम बसला त्याचा. पण आठांपैकी एक संत्रं तो पांढऱ्यापर्यंत खरवडायचाच. मावशी घास घेऊन म्हणायची, "या वर्षी पण चुकलास." मामा म्हणायचा, "हात आहे ताई, चुकतो." दोघांनाही सगळं माहीत होतं.

गेल्या रविवारी मावशीचा वाढदिवस आला. सत्तरावा. कुणाच्याच मनात काही करायचं नव्हतं, मामाशिवाय कसलं काय. पण दुपारी मावशीनं मामीला बोलावून घेतलं. जाऊन बघितलं तर ओट्यावर पेपर अंथरलेला, कडांना चिकटपट्टी, आणि लोणी सकाळपासून बाहेर. केकवाली पण आली होती, साधा केक घेऊन. मावशीनं सात संत्री स्वतः किसली, नाजूक, नुसती केशरी. आठवं मामीच्या हातात दिलं.

"हे तू खरवड. त्याच्यासारखं."

मामीनं खरवडलं. पांढरं दिसेपर्यंत, आणि वर दोन हात जास्त. खरवडता खरवडता हसायला लागली, रडायला लागली, तिचं तिलाच कळेना. "टायफॉइड झालेलं दिसतंय," म्हणाली, आणि मग मावशी पण हसली.

पट्टी मामाचीच होती, पण ती धरायला मामा नव्हता. केकवालीनं कलती धरून जमेल तशी कड ओढली. फ्रिजला पाटी लावली, मामाच्याच पिशवीतली. संध्याकाळी सगळे जमले. सगळ्यांनी घास घेतला, सगळ्यांनी तोंडं वाकडी केली, सगळे म्हणाले, कडू आहे. एवढ्या दिवसांत त्या घरात पहिल्यांदा एवढा गलका झाला.

मावशीनं खिडकी लावली, टॉर्च आणला, केकला आडवा धरला. कडेला एका जागी बारीक सावली पडली होती. केकवाली घाबरून पट्टी घ्यायला उठली.

"असू दे," मावशी म्हणाली. टॉर्च बंद केला आणि दुसरा तुकडा मागितला.